रेघेबाहेरचा कडुनिंब

शिवकाशी, मासी ४, मंगळवार

वेलू,

फोन लावला की तुझी लेक वळरमती सांगते, अप्पा अंघोळीला गेलेत. सकाळी अंघोळ, दुपारी अंघोळ, परवा संध्याकाळी लावला तेव्हाही अंघोळच. तिरुप्पूरला पाण्याची एवढी चंगळ असेल असं वाटलं नव्हतं. म्हणून पत्र लिहितेय. पत्रापुढं अंघोळीचं सोंग चालत नाही, आणि बहिणीचं पत्र तू न वाचता फाडणार नाहीस एवढं मी तुला ओळखते.

आधी हे सांगून टाकते की मी माफी मागायला लिहीत नाहीये. तुझ्या कदिरेसनचं लग्न मी लावून दिलं, रजिस्ट्रारसमोर सही मी केली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. मुलगी चर्चला जाते म्हणून तू पेटी उचललीस आणि लेकीकडे जाऊन बसलास. वर्ष होत आलं. तुझा मुलगा आणि सून माझ्याकडे जेवतात, माझ्याच प्रेसमध्ये राबतात, आणि तुझी खोली बंद आहे. झालं, हे एवढंच. आता कामाचं बोलते.

काल देवळाच्या कमिटीचे अय्यादुरै अण्णाची आले होते. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "राजकनी, यंदा पुढच्या महिन्यातल्या पंगुनीच्या जत्रेला चौकोनी स्टिकर नको." मी म्हटलं, का बाबा, चौकोनानं काय घोडं मारलंय? तर म्हणतात, "पोरं ऐकत नाहीत. बाइकवर, हेल्मेटवर, मोबाइलच्या पाठीवर, जिथं बघावं तिथं आता आकारात कापलेले स्टिकर. मग आपली देवी, आपली अम्मनच काय म्हणून चौकटीत बसलीय? तिला बाहेर काढा."

मला पटलं. आपल्या गल्लीच्या अम्मनचा चेहरा, तो ज्वाळांचा मुकुट, गळ्यातला हार, सगळं तू तरुणपणी काढलंस, आणि तेव्हापासून दर जत्रेला तेच चित्र छापतोय. दुसरं कुणी काढलेलं लोकांना चालतच नाही. तुझी अम्मन रागावलेली दिसते, आणि तरीही तिच्यापुढं उभं राहिलं की आपण घरी आलोय असं वाटतं. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू आधीच पुरेसा फुगलेला असायचास.

अडचण तुला सांगायला नको. चौकोनी लेबल करायचास तेव्हा मागचा पिवळा रंग तू कापायच्या रेघेच्या थोडा बाहेर पसरून ठेवायचास. मी म्हणायचे, कशाला रंग फुकट घालवतोस? तू म्हणायचास, "अक्का, सुरी केसभर चुकणारच. ब्लीड ठेवलं नाही तर कडेला पांढरा कागद दिसेल." तेच आता मुकुटाभोवती करायला हवंय. पण तुझ्या ज्वाळा जिथं संपतात तिथं खाली कोरा बोर्ड आहे. त्यांच्या पलीकडं तू काहीच काढलेलं नाहीस, आणि तिथं कुणीतरी काहीतरी काढल्याशिवाय कापायची डाय लावता येणार नाही.

आमच्याकडं ते काम जेबसेल्वी करते. हो, तुझी सून, सासऱ्याला मामा आणि आत्तेसासूला अत्तै म्हणणारी. तुझ्या परवानगीशिवाय ती हात लावायला तयार नाही. मी म्हटलं, लाव गं, मी बघते. तर म्हणाली, "नको अत्तै. मामांचं चित्र आहे, मामांनाच विचारा."

म्हणून विचारते.

तुझी अक्का


मासी ११, मंगळवार

वेलू,

तुझं कार्ड मिळालं. "माझ्या अम्मनला हात लावायचा नाही." एवढं लिहून खाली पूर्ण सही, जशी काही मी बँक आहे.

छापू नका असं मात्र तू लिहिलं नाहीस. तुझं वाक्य मी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पुढची तयारी सुरू केली. जेबसेल्वीनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं, आणि काय म्हणाली असेल? "मामांचं अक्षर किती सुंदर आहे." मला वाटलं पोरगी रडेल. ती 'म्म'चं वळण बघत बसली होती.

हात लावायचा नाही म्हटल्यावर तिनं साधा मार्ग काढला. अम्मनभोवती बोटभर पांढरी पट्टी ठेवायची आणि त्या पट्टीतून कापायचं. सुरी इकडंतिकडं झाली तरी पांढऱ्यातच. परदेशी स्टिकर असेच असतात म्हणे. कामाच्या दृष्टीनं त्यात काही चूक नव्हती, आणि तुझ्या रेघेला कुणी शिवलंही नव्हतं.

नमुना कमिटीकडं नेला. अय्यादुरै अण्णाचींनी तो हातात घेतला आणि विंचू धरल्यासारखा परत ठेवला. "अम्मनच्या अंगाभोवती पांढरं? ती काय विधवा आहे?"

मी माझ्या अंगावरच्या पांढऱ्या साडीकडं बघितलं. सगळेच बघू लागले. अण्णाचींनी जीभ चावली आणि चहा मागवला. बिचारे, पुढचा अर्धा तास माझी चौकशी करत होते, गुडघे कसे आहेत, सर्दी तर नाही ना. पण पांढरं नको ते नकोच.

येताना मी जेबसेल्वीला म्हटलं, तुला वाईट वाटलं का? म्हणाली, "नाही अत्तै. हे मला कळायला हवं होतं. आमच्याकडं नवरी पांढऱ्यात असते, म्हणून डोक्यात आलं नाही." रुसवा नाही, फुगवा नाही. आपल्या घराण्यात ही चीज नवीन आहे.

तुझी अक्का


मासी १९, बुधवार

वेलू,

तुला पलीकडच्या गल्लीतून फोन गेला असणार. त्या फोनला तू अंघोळीला नसतोस. तुझ्या कानावर काय घातलं गेलं असेल ते मी सांगू शकते. चर्चवाल्या सुनेनं अम्मनचा मुकुट कापला, बरोबर? आता खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक.

पांढरं नाही म्हटल्यावर तिनं तेच केलं जे या गावातला कुठलाही आर्टवर्कवाला करील. तुझ्या ज्वाळा आहेत तशाच ठेवल्या आणि कडेचा केशरी रंग बाहेर तीन मिलिमीटर ओढून घेतला. त्यासाठी चित्रात वेगळ्या रंगाची कापायची रेघ घातली. रेघेच्या आत तू, बाहेर नुसता ओढलेला रंग. मी बघितलं, कदिरेसननं बघितलं, अण्णाचींनीही मान डोलावली. कुणाच्याही लक्षात काही आलं नाही.

सोमवारी चाचणीला पाच-पन्नास शीट काढले. डाय दाबली, आणि जाळी सोलायला आपल्या म्हाताऱ्या पेच्चियम्माकडं दिले. स्टिकरभोवतीचा नको असलेला भाग सोलून काढायचा, म्हणजे पाठच्या कागदावर नुसता स्टिकर राहतो. पेच्चियम्माचा हात त्यात असा बसलाय की ती गप्पा मारत, शेंगदाणे खात सोलते, आणि सोललेलं पायाशी पडत जातं.

त्या दिवशी तिनं तीनचार शीट सोलले आणि थांबली. खाली बघितलं. मग दोन्ही पाय उचलून स्टुलावर मांडी घालून बसली.

"अक्का, ही अम्मनची ज्वाळा आहे," ती म्हणाली. "मी पाय कुठं ठेवू?"

मी उठून बघितलं. जमिनीवर तुझ्या मुकुटाची टोकं पडली होती, वेलू. केशरी, टोकदार, अगदी जिवंत. ओढलेला रंग असो नाहीतर काही असो, बघणाऱ्याला तो मुकुटच होता, आणि उद्या ते झाडून पोत्यात भरायचं होतं. पलीकडच्या दोघींनीही पाय वर घेतले. सगळ्या बायका अशा स्टुलांवर मांड्या घालून बसलेल्या, जणू प्रेसमध्ये पूर आलाय. मशीन बंद केलं. पेच्चियम्मानं वाकून वाकून एकेक तुकडा पदरात वेचला आणि देवळामागच्या विहिरीत सोडून आली. मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

संध्याकाळी कमिटीचे लोक आले. त्यांतला एक म्हणाला, "चर्चवालीच्या हाती दिलं की असंच व्हायचं." कदिरेसन उठला. तो कसा उठतो ते तुला माहीत आहे, तुझ्यासारखाच. जेबसेल्वीनं त्याच्या शर्टाची बाही धरून खाली बसवलं. अण्णाचींनी शेवटी सांगितलं, पंगुनीचा पहिला आठवडा संपायच्या आत नीट झालं तर ठीक, नाहीतर काम दुसऱ्या प्रेसला. आणि नीट करणारी ती नको.

रात्रीचं जेवण कुणाला गेलं नाही. ताटं उचलताना ती मला म्हणाली, "अत्तै, चेन्नईला ह्यांना नोकरी मिळतेय. आम्ही जातो. माझ्यामुळं मामा घरी येत नाहीत. आता माझ्यामुळं तुमच्या घरातून अम्मनही गेली, तर मी इथं कुठल्या तोंडानं राहू?"

मी तिच्या हातातली ताटं काढून घेतली आणि मोरीत नेऊन ठेवली. 

हे घर रिकामं होतंय, वेलू. तुझ्या हट्टापायी होतंय. तू आलास तर ती राहील. मला दुसरा उपाय माहीत नाही.

अक्का


मासी २७, गुरुवार

वेलू,

तुझं उत्तर आलं नाही. हरकत नाही. हे पत्र मात्र नीट बसून वाच, आणि सोबतची गुंडाळी आधी उघडू नकोस.

गेल्या शुक्रवारी दुपारी ती पेच्चियम्माच्या शेजारी जाऊन बसली. बांधाबांध सुरू झाली होती, त्यामुळं मला वाटलं निरोप घ्यायला गेली असेल. ऐकते तर विचारत होती, "पाट्टी, अम्मनचं असं काय आहे, जे जमिनीवर पडलं तरी चालतं?"

पेच्चियम्मा म्हणाली, "काहीच नाही गं. कुंकू सांडलं तरी आपण बोटानं उचलतो."

"फुलं?"

"फुलं तर नाहीच नाही."

मग म्हातारी थांबली. म्हणाली, "कडुनिंब. जत्रेत बायका कडुनिंबाच्या डहाळ्या घेऊन नाचतात, तेव्हा रस्ताभर पानं पडतात. त्यावरूनच सगळे चालतात. अम्मन स्वतः त्यावरून चालत येते. त्या पानांवर पाय पडला तर पाय थंड होतो म्हणतात."

जेबसेल्वी उठली आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "अत्तै, मामांचे ब्रश मिळतील का?"

मी तुझी खोली उघडली. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड. ब्रश, रंगाच्या बशा, आणि तुझी जुनी लेबलं असलेली ती पत्र्याची पेटी, सगळं तिला दिलं. संगणकावर काढलेलं पान तुझ्या ब्रशशेजारी प्लास्टिकचं दिसतं म्हणे, म्हणून तिनं हातानं काढायचं ठरवलं. त्याआधी दोन दिवस तिनं एक रेघ ओढली नाही. नुसती तुझी लेबलं बघत होती. काड्यापेटीवरचा मोर, फटाक्यांवरची ती गुबगुबीत पोरगी, हिंगाच्या डबीवरचा हत्ती. मध्येच मला बोलवायची. "अत्तै, बघा, मामा रेघ सुरू करताना जाड टेकवतात आणि शेवटी श्वास सोडल्यासारखी सोडतात." मी ती लेबलं जन्मभर छापली, वेलू. मला तो श्वास कधी दिसला नव्हता.

मग तिनं कडुनिंब काढला. आता गुंडाळी उघड.

बघ. तुझ्या एकाही ज्वाळेला धक्का नाही. सगळ्या आहेत तशा, टोकापर्यंत. पानं ज्वाळांच्या मागून निघतात, जणू तू काढली होतीस आणि इतकी वर्षं कुणीतरी झाकून ठेवली होती. कापायची रेघ कुठं आहे बघ. ती पानांमधून जाते, ज्वाळांपासून चांगली लांब. रेघेबाहेर पानं तीन मिलिमीटर पुढं गेलीत. सुरी डावीकडं सरकली तरी कडुनिंब, उजवीकडं सरकली तरी कडुनिंब. जमिनीवर पडेल तोही कडुनिंबच. तू म्हणाला होतास माझ्या अम्मनला हात लावायचा नाही. नाही लावला. अम्मनच्या मागं उभी राहून तिनं काम केलं.

अजून एक गोष्ट आहे, ती डाय बनवणाऱ्या परमशिवमनं सांगितली. आधीच्या आकारात त्या टोकदार ज्वाळांसाठी पातं वाकवताना त्याचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि अशी अणकुचीदार टोकं स्कूटरवर लावली की चार उन्हांत उचलून येतात. आता कड गोलसर झालीय. म्हणाला, "अक्का, ही मुलगी चित्र काढताना पात्याचाही विचार करते." परमशिवम कुणाची स्तुती करत नाही. स्वतःच्या बायकोची तर नाहीच.

मी आजवर खूप आर्टवर्कवाले पाहिले. हुशार पाहिले, झटपट काम करणारे पाहिले. पण दुसऱ्याच्या रेघेचा एवढा मान राखून तिच्याबाहेर आपलं काम करणारी मी पहिल्यांदाच पाहतेय.  हे मी तिला सांगितलं, आणि तुझ्याबद्दल इतकी वर्षं मनात होतं तेही आता लिहून टाकते. ते चित्र काढताना तूही असाच होतास. खाणंपिणं विसरलेला. मला तुझा फार अभिमान वाटायचा.

कमिटीनं अजून होकार दिलेला नाही. अण्णाची म्हणतात, चित्र वेलचामीचं, वेलचामी हो म्हणाला तर छापा, मग पानं कुणी का काढलेली असेनात. तो नाही म्हणाला तर नाही. चेन्नईची तिकिटं अमावास्येची काढलीत. शीट न कापता मुद्दाम तसाच पाठवलाय, तुला आतलं आणि बाहेरचं दोन्ही दिसावं म्हणून.

आता तूच काय ते ठरव.

तुझी अक्का


पंगुनी १०, बुधवार

वेलू,

एकाच घरात राहून पत्र लिहावं लागतंय, ह्याला काय म्हणावं? तू आलास त्याला आता चार दिवस झाले, आणि माझ्याशी एक शब्द नाही. तिच्याशी बोलतोस. काल जेवताना म्हणालास, "तुझ्या अत्तैला सांग, सांबारात मीठ कमी आहे." मी समोरच वाढत होते.

बरं, नको बोलूस. पण त्या दिवशी मी दाराआड उभी होते आणि सगळं ऐकलं, हे तुला कळलेलं बरं.

तू सकाळच्या बसनं आलास. पिशवी हातात, ती गुंडाळी काखेत. मला ओलांडून सरळ प्रेसमध्ये गेलास. ती मशीनजवळ उभी होती, हात शाईचे. बिचारी पदर सावरायला गेली आणि पदरालाही शाई लागली. तू शीट टेबलावर पसरलास.

"हे कुणी काढलं?"

"मी, मामा."

"ब्रश?"

"तुमचाच."

"डावीकडच्या तिसऱ्या पानाचा देठ उलटा पडलाय."

"हो मामा. सुकल्यावर मलाही दिसलं."

मला वाटलं आता संपलं. चेन्नईची तिकिटं कदिरेसनच्या खिशात होती. मग तू चष्मा लावून शीटवर वाकलास आणि रेघेच्या बाहेर, अगदी कडेच्या पानावर बोट ठेवलंस. "आणि हे काय आहे?"

 कदिरेसन पुढं झाला. "अप्पा, ते तिच्या नावाचं पहिलं अक्षर आहे. ते कापून जातं. छापून आल्यावर कुणाला दिसणार नाही."

वेलू, ते मला दिसलं नव्हतं. इतक्या जणांनी तो शीट हाताळला, कुणालाच दिसलं नव्हतं. तिळाएवढं 'जे'.

तू तिच्याकडं बघत राहिलास. तेव्हा ती म्हणाली, "मामा, अम्मनच्या चित्रावर माझं नाव कसं घालू? लोक बोलतात. पण पानं मी काढली होती, म्हणून रेघेबाहेर घातलं. छापताना असेल, मग जाईल."

तू खुर्ची ओढून बसलास.  मग विचारलंस, "माझं 'वे' कुठं आहे?"

"हारात, मामा. खालच्या फुलाशी."

"आत की बाहेर?"

"आत."

"मग? सोलून पोत्यात जायचं तिथं घरच्या सुनेचं नाव घालतात होय? आत घे."

ती घेईना.  तेव्हा तूच ब्रश मागितलास, आणि आपल्या हातानं तिचं 'जे' तुझ्या 'वे'च्या शेजारी लिहिलंस. अण्णाची तेवढ्यात येऊन दारात उभे होते. तू मान न वळवता म्हणालास, "अण्णाची, काही बोलायचं असेल तर माझ्याशी बोला." ते चप्पल काढून आत आले आणि चहा झालाय का म्हणून विचारू लागले.

प्लेट पुन्हा काढावी लागली. काढली. शीट पुन्हा स्कॅन करावा लागला. केला. पेच्चियम्मानं काल दिवसभर सोललं, पाय जमिनीवर ठेवून, शेंगदाणे खात. तिच्या पायाशी हिरव्या पानांचा ढीग पडला होता. तिकिटं कदिरेसननं परत केली.

तू माझ्यावर रागावलास ते लग्नासाठी, हे मला समजतं. पण त्या दिवशी मी सही केली नसती, तर तुझ्या अम्मनच्या हारात आज एकच अक्षर असतं. एवढंच लिहायचं होतं. पत्र तिच्याच हाती देतेय. उत्तर तिच्याकडं देऊ नकोस. तुझ्या खोलीतून माझ्या चुलीपर्यंत फार लांब नाही. चालत ये आणि मीठ कमी आहे ते मलाच सांग.

तुझी अक्का